वैयक्तिक कारण

(द्वितीय वर्ष, कला)

३ आणि ४ सप्टेंबर २०२४ असे दोन दिवस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप होता. काही आगारे पूर्ण बंद होती, काही अर्धवट चालू होती. आमच्या गावाची गाडी दोन्ही दिवस आली नाही. मी तेव्हा प्रथम वर्षात होते आणि नेमकी ३ तारखेला आपल्या महाविद्यालयात एका विषयाची चाचणी होती. शहरातल्या विद्यार्थ्यांनी ती दिली. खेड्यांवरून येणारे आम्ही बरेच जण बुडालो.

फेरचाचणीसाठी अर्ज करावा लागेल असे सांगण्यात आले. कार्यालयातल्या छापील अर्जावर ‘गैरहजेरीचे कारण’ असा रकाना आहे आणि त्यापुढे दोनच पर्याय छापलेले आहेत, ‘आजारपण’ आणि ‘वैयक्तिक’. मी दोन्ही खोडून ‘एस.टी. बंद’ असे लिहिले. अर्ज परत आला. असे कारण नोंदवहीत बसत नाही, दोहोंपैकी एकावर खूण कर, असे मला समजावून सांगितले. कोणी रागावले नाही. उलट सहानुभूतीनेच बोलले. मी ‘वैयक्तिक’वर खूण केली आणि फेरचाचणी दिली. गुणही बरे मिळाले.

गोष्ट एवढीच आहे. पण तो शब्द मनातून जाईना. हजारो चालक-वाहक काम थांबवतात, शेकडो गावांचे रस्ते ओस पडतात, आणि त्यात माझे वैयक्तिक असे काय होते?

पुढच्याच आठवड्यात वादविवाद मंडळाचा कार्यक्रम झाला. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांना संपाचा अधिकार असावा की नसावा, असा विषय होता. ‘नसावा’ म्हणणाऱ्या वक्त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितले, की एस.टी. कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओलीस धरले आहे. टाळ्या पडल्या. ‘असावा’ म्हणणाऱ्याने श्रमिकांचा लढा, शोषण वगैरे शब्द वापरले. त्यालाही टाळ्या पडल्या. दोघेही शहरात राहणारे, आपापल्या दुचाकीने आलेले. मी मागच्या बाकावर होते. उठून बोलायचे होते, पण धीर झाला नाही. जे तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते.

मला त्या दोन दिवसांबद्दल फारसे म्हणायचे नाही. दोन दिवस हा काही संप नव्हे. माझा संप २०२१ सालचा. तेव्हा मी दहावीत होते.

आमचे गाव बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंत शाळा आहे. नववीपासून अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जावे लागते. आमच्याकडे रात्री मुक्कामी गाडी येते. ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तालुक्याहून शेवटच्या फेरीची एस.टी. रात्री गावात येऊन थांबते, चालक आणि वाहक गावातच झोपतात आणि सकाळी साडेसहाला तीच गाडी परत निघते. आमच्याकडे ते मारुतीच्या देवळात अंथरूण टाकत. माझी आजी त्यांना अधूनमधून भाकरी आणि कालवण पाठवी. सकाळी एखादी पोरगी दिसली नाही तर चालक काका एक लांब हॉर्न देत आणि दोन मिनिटे थांबत. त्या हॉर्नवर आमची शाळा चाले. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता. म्हणजे मला शिकवण्यासाठी घरून एक पैसाही प्रवासाला लागत नव्हता, आणि म्हणूनच मी नववीत गेले हे सरळ सांगून टाकते. पैसे लागले असते तर आठवीनंतर विचारच झाला नसता. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीचे तोंड पाहिलेले नव्हते.

करोनामुळे नववीचे वर्ष बहुतेक मोबाईलवरच गेले, आणि मोबाईल आमच्या घरात एकच होता, तोही वडिलांच्या खिशात. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा पुन्हा नीट सुरू झाली तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. तो महिनाभरही टिकला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एस.टी.चे आंदोलन सुरू झाले, आणि दिवाळी संपते न संपते तोच राज्यातली सुमारे अडीचशे आगारे बंद पडली. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. साडेपाच महिने ते चालले. ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितले तेव्हा कुठे गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. आमची दहावीची परीक्षा १५ मार्चला सुरू होऊन ४ एप्रिलला संपलीसुद्धा होती.

आता दिवाळी म्हटले की आमच्या भागात आणखी एक गोष्ट होते, ती शहरातल्या मित्रमैत्रिणींच्या ध्यानात येणार नाही. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रक येतात, भांडीकुंडी, शेळ्या, लहान लेकरे भरली जातात आणि गाव निम्मे रिकामे होते. माझे आईवडीलही गेले. घरी आजी, मी आणि धाकटा भाऊ. म्हणजे ज्या दिवसांत एस.टी. बंद झाली, त्याच दिवसांत मुलींना शाळेत सोडायला घरी माणूसही नव्हता. वर्तमानपत्रांत तेव्हा पालकांनी मुलांना स्वतः शाळेत सोडावे असे सल्ले येत. आमचे पालक त्या वेळी तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात होते.

मग आम्ही शाळेत गेलो कसे? मुले गेली. तिघेतिघे एका मोटारसायकलवर, कोणी सायकलवर, कोणी ट्रॅक्टरला हात करून. काळीपिवळी जीप तीस रुपये मागू लागली, एका बाजूचे. फुकट पासाच्या जागी रोजचे साठ रुपये. आजीने पहिला आठवडा दिले. मग तिने हिशेब केला आणि ती गप्प झाली. पायवाटेने आठ किलोमीटर पडते, पण मध्ये खोरे आहे आणि हिवाळ्यात सकाळी सहाला अंधार असतो. आजी म्हणे, “एकटीला रानवाटनं कशी धाडू? तुझ्या बापाला काय सांगू मी?” तिचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

आमचे एक शिक्षक आमच्याच गावावरून मोटारसायकलने जात. त्यांनी पहिले काही दिवस आम्हा मुलींपैकी दोघींना मागे बसवून नेले. मग पारावर कुजबुज झाली. सरांच्या कानावर गेली. त्यानंतर सर मुलांना नेऊ लागले. सरांना मी दोष देत नाही. पण संपाने शाळा बंद पडली ती सर्वांची सारखी नाही, हे मी तिथे पाहिले. आधी मुलींची बंद पडली. त्यातही जिचे आईबाप फडावर होते तिची सर्वांत आधी.

आमच्या गावातून नववी-दहावीला अकरा मुली जात होत्या. दिवाळीनंतर सात उरल्या. जानेवारीत ओमिक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाली आणि २४ तारखेपासून उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही चार होतो. माझ्या बाकावरची मैत्रीण, जिला गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण पडत, ती डिसेंबरात आईबरोबर फडावर गेली. बोर्डाचा फॉर्म भरलेला होता. “गाडी चालू झाली की येते,” असे सांगून गेली. तिचे पुढच्या वर्षी लग्न झाले. तेव्हा तिला अठरा पूर्ण नव्हती आणि ते मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होते. आता ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता झाले आहेत. एस.टी. चालू असती तर ती शिकलीच असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिच्या घरी इतरही कारणे होती. पण त्या सगळ्या कारणांना इतके दिवस ती सकाळची गाडी अडवून धरत होती, एवढे मात्र मी सांगू शकते.

हे वाचून कोणाला वाटेल, की म्हणजे ही मुलगी ‘ओलीस धरले’ म्हणणाऱ्या वक्त्याच्याच बाजूची. तसे नाही. डिसेंबरमध्ये मी एकदा आजीबरोबर तालुक्याला गेले होते. आगाराच्या फाटकाशी संपकऱ्यांचा मंडप होता. त्यात आमच्या मुक्कामी गाडीचे काका बसलेले दिसले. दाढी वाढलेली, अंगात खाकी नाही, तर मी आधी ओळखलेच नाही. त्यांनी हाक मारली. “काय बाळा, अभ्यास चाललाय ना?” मला राग आला होता. मी म्हटले, “काका, तुमची गाडी नाही तर कसला अभ्यास?” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझी पोरगी बारावीला आहे. तिच्या गावालाबी गाडी नाही.”

त्याला मी काय उत्तर देणार? करोनाच्या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडले होते. काहींनी आत्महत्या केल्या, त्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. २४ नोव्हेंबर २०२१ ला शासनाने मूळ वेतनात सेवेच्या वर्षांप्रमाणे पाच, चार आणि अडीच हजारांची वाढ जाहीर केली. पुढे २०२४ च्या संपानंतर त्या पायऱ्या मोडून सर्वांची वाढ सरसकट साडेसहा हजारांवर आणली. म्हणजे मागणी खोटी नव्हती, नाही तर मान्य कशी झाली असती? विलीनीकरण मात्र झाले नाही. न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने ते शक्य नसल्याचे सांगितले. ते योग्य की अयोग्य हे अर्थशास्त्राच्या सरांनी सांगावे. माझा मुद्दा निराळा आहे.

माझा मुद्दा असा, की चालकाने काम थांबवले त्या दिवशी मला शाळेत पोहोचवण्याची जबाबदारी संपली कोणाची? चालकाची संपली असेल. ज्याने माझ्या हातात फुकट पास दिला, त्याची कशी संपली?

८ नोव्हेंबर २०२१ ला राज्याच्या गृह विभागाने एक अधिसूचना काढली. संपाच्या काळात खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, एवढेच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची परवानगी तिने दिली. प्रवाशांची सोय व्हावी हाच तिचा हेतू होता. पण परवानगी म्हणजे व्यवस्था नव्हे. आमच्या रस्त्यावरून रोज सकाळी इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेची पिवळी बस तालुक्याकडे जाई. आमच्या फाट्यावरून जाताना ती निम्मी रिकामी असे. कायद्याने ती आम्हाला घेऊ शकत होती. आमच्या मुख्याध्यापकांनी विचारूनही पाहिले. डिझेलचे पैसे कोण देणार, पोरींना काही झाले तर जबाबदार कोण, असे त्यांनी उलट विचारले. प्रश्न रास्तच होते. त्यांचे उत्तर त्या अधिसूचनेत नव्हते आणि आमच्या तालुक्यात ते द्यायला कोणी पुढे आले नाही. बस रोज फाट्यावरून गेली. आम्ही रोज पाहिली.

याचे मूळ आणखी मागे आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीसाठी आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालतात, तीही याच वयाच्या मुलांसाठी. म्हणजे ज्या वर्षी गावातली शाळा संपते, नेमके त्याच वर्षी कायद्याचे बोटही सुटते. नववीच्या मुलीला अकरा किलोमीटर जायला हक्क नाही, सवलत आहे. हक्क आणि सवलत यांतला फरक गाडी चालू असते तोवर कळत नाही. संपात कळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० सालीच तीन ते अठरा वयापर्यंतची भाषा आली आहे. ती कायद्यात कधी येते ते पाहायचे.

यावर उपाय काय, असे कोणी विचारील. नुसते रडगाणे गाणाऱ्या लेखांचा मलाही कंटाळा आहे. मला वाटते, संप शांतपणे चालू असावा आणि सकाळची एक व दुपारची एक शाळेची फेरी तेवढी चालू राहावी, असा करार संघटना आणि महामंडळ यांच्यात आधीच, संप नसताना, व्हायला हवा. डॉक्टरांचे संप होतात तेव्हा पुष्कळदा तातडीच्या रुग्णांचा विभाग चालू ठेवतात, तसे. हे मी पुढे एकदा मुक्कामी गाडीच्या त्याच काकांना बोलून दाखवले. ते हसले. म्हणाले, “शाळेची फेरी निघाली की तिच्यात सगळा गाव चढतो. आणि वर साहेब दुसऱ्या दिवशी पेपरात देतात, आज इतक्या गाड्या धावल्या, संप मोडला. मग आमचं कोण ऐकणार?” त्यांचे म्हणणे खरे आहे. संपाच्या दिवसांत धावलेल्या गाड्यांचे आकडे रोज जाहीर होत होते, ते मीही वाचत होते. म्हणून करारात हेही लिहावे लागेल, की शाळेची फेरी त्या आकड्यांत धरायची नाही आणि ती चालवणाऱ्याला कोणी फितूर म्हणायचे नाही. काकांना ते पटले असे नाही. ‘बघू’ म्हणाले. मलाही हे सोपे वाटत नाही. पण साडेपाच महिने ज्यांनी ‘ओलीस’ हा शब्द वापरला, त्यांनी ओलिसांना सोडवायला एक जीपसुद्धा पाठवली नाही, त्यापेक्षा हे बरे.

परीक्षेला आम्ही चौघी दुधाच्या टेम्पोतून गेलो. ही व्यवस्था मुख्याध्यापकांनी केली, स्वतःच्या ओळखीने आणि बहुधा स्वतःच्या पैशाने, कारण आमच्याकडे कोणी काही मागितले नाही. त्या वर्षी करोनामुळे आपापल्या शाळेतच परीक्षा होती, हे नशीब. केंद्र तालुक्याला असते तर काय केले असते कोण जाणे. टेम्पो सकाळी सहाला डेअरीवर निघे आणि पेपर साडेदहाला असे. कॅनांच्या मधल्या जागेत पुस्तके मांडीवर घेऊन बसायचे आणि सातपासून शाळेच्या व्हरांड्यात वाचत राहायचे. गणवेशाला दुधाचा आंबूस वास लागे. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या पेपरापासून पर्यवेक्षक बाईच “आल्या का दुधाच्या गाडीच्या?” असे विचारून हसून आम्हाला आत घेऊ लागल्या. चौघीही पास झालो. त्यांतली मी एकटी पदवीला आले.

एप्रिल संपता संपता एका रात्री मुक्कामी गाडी गावात आली. चालक दुसरेच होते. आमचे काका पावसाळ्यात परत त्या मार्गावर आले. त्या वर्षी हंगाम लांबला, माझे आईवडीलही उशिराच परतले. मैत्रिणीचे घर तोवर बंदच होते.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्याकडे एस.टी.च्या पासावर येणारे विद्यार्थी किती, ते कोणकोणत्या गावांचे, याची यादी कार्यालयात नाही. मी विचारले होते. पासाच्या अर्जावर प्राचार्यांचा शिक्का लागतो, तेव्हा जूनमध्ये शिक्का मारतानाच गावाचे नाव वहीत उतरून घेतले तर आठवड्यात यादी तयार होईल. गाडी बंद पडली, मग संपाने असो की पुराने, तर त्या दिवशीची चाचणी पुढे ढकलायची की नाही हे ती यादी पाहून ठरवता येईल. कोणत्या मार्गावर किती जण आहेत हे कळले, तर मिळून एखादी जीपही ठरवता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेतले आम्ही काही जण वही लिहून द्यायला तयार आहोत.

आणि फेरचाचणीच्या अर्जावर ‘आजारपण’ आणि ‘वैयक्तिक’ यांच्या खाली ‘वाहन बंद’ एवढे दोन शब्द छापावेत, अशी प्राचार्यांना विनंती आहे. मी कार्यालयात चौकशी केली. जुन्या छापील अर्जांचे दोन गठ्ठे अजून शिल्लक आहेत, ते संपल्यावर पाहू, असे सांगितले. तोवर हाताने लिहिलेले चालावे.